वजरी

"आजी, निघतच नाही गं!"

मोरीतून नातीची, शरयूची, रडवेली हाक आली, तशा अनसूयाबाई पदर खोचत उठल्या. मोरीत पाहतात तर, खालच्या मजल्यावरच्या आफ्रिकन बाईची पाच वर्षांची लेक, आमा, पाटावर बसली होती आणि शरयू तिचा हात टाचा घासायच्या खरखरीत वजरीने खसाखसा घासत होती. कोपराखाली रक्त आलं होतं, तरी आमाने दात आवळून हात पुढेच धरला होता.

"अगं कार्टे, सोललंस की पोरीला!"

"तूच रोज म्हणतेस ना, घास, नाहीतर आमासारखी काळी होशील? तिलाही गोरं व्हायचं होतं. पण आजी, हा मळ नाहीये. तिची कातडीच अशी आहे. तू खोटं सांगितलंस."

अख्ख्या बिल्डिंगला तोंडाने फाडून खाणाऱ्या अनसूयाबाई धावत गेल्या आणि त्यांनी हळद आणून जखमेवर दाबली.

"हळदीने होईन गोरी?" आमाने हळूच विचारलं.

तेवढ्यात तिची आई वर आली. लेकीचा हात पाहून ती ओरडली, "कोणी केलं हे?"

शरयू आजीच्या पदरामागे लपली.

"हात पोरीचा होता," अनसूयाबाई म्हणाल्या. "घासलं मी."