गिऱ्हाइकाची खुर्ची

"वजनावर लावू की आकारावर, तुम्हीच सांगा," ट्रान्सपोर्टवाला म्हणाला. "दोन्हीकडून महागच पडणार."

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. बिडाचा गोल पाया, त्यावर तेलाचा पंप, चिनी मातीचे हत्ते, लाल रेक्झिनची बैठक. बाबांच्या सलूनमधली एकुलती एक खुर्ची.

"हिला उचलायला दोघं लागतील."

"चौघं," ती म्हणाली.

तो हसला. "ताई, एवढ्या भाड्यात तुमच्या तिकडे नवी येईल. हलकी, वर गॅरंटी."

"नवी नकोय."

पार्सलवाल्यांनी लोखंड घ्यायलाच नकार दिला होता. दुसऱ्या ऑफिसात अख्खा ट्रक करा म्हणाले. तिचं शहर लांब होतं आणि तिच्याजवळचे पैसे अर्ध्या वाटेलाही पुरले नसते.

ती सलूनमध्ये परत आली तेव्हा दादा भिंतीवरचा आरसा उतरवत होता. शनिवारी जागामालकाला किल्ली द्यायची होती. दारात भंगारवाला हातगाडी लावून बसला होता.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "पण अख्खी नाही हलायची. घणाने फोडूनच न्यावी लागेल."

"शनिवारपर्यंत थांबा," ती म्हणाली.

"चिमे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" दादाने आरसा भिंतीला टेकवला. "बाबा गेल्यापासून एकाच गोष्टीच्या मागे लागलीयस. आरसा ने, कात्र्या ने. हे धूड कशाला?"

"कात्र्या मागेच नेल्या."

"मग?"

"नुसत्या कात्र्यांनी नाही भागत."

"आणि हिने भागणार आहे?"

"माहीत नाही, दादा. पण फोडू नको देऊस."

दादाने फडक्याने आधीच स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसला.

खुर्चीच्या मागे लादीला पावलांएवढे दोन खळगे पडले होते. बाबा तिथे उभे राहत. दुपारी दुकान रिकामं असलं, पाय सुजले असले, तरी ते बाकावर टेकत, खुर्चीत कधी नाही. घरच्यांनाही तिथे बसायला बंदी होती. लहानपणी दादा एकदा चढून बसला, तर त्याला कानाला धरून उतरवलं होतं. "ती गिऱ्हाइकाची आहे. आपण घरचे." दोघा भावंडांचे केस मागच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यावर बसवून कापले जात. दुकानात तिचं काम एवढंच, की बाबांनी हाक मारली की आतून पाणी आणायचं. "चिमे, साहेबांना पाणी आण गं." ही हाक पार रस्त्यावर ऐकू जाई.

बाजूचा काचवाला आरसा बांधून द्यायला आला. खुर्चीकडे बघत उभा राहिला.

"मास्तर गेले आणि गल्ली ओस पडली हो. माझी लग्नाची दाढी हिच्यावरच झाली. गालाला कापलं नाही, पण बायको कशी निवडावी यावर तासभर भाषण दिलं."

"लग्न ठरल्यावर?" दादाने विचारलं.

"ठरल्यावरच ना! त्यांना कोण थांबवणार?" काचवाला हसला आणि एकदम थांबला. "हिला कुठे न्यायची म्हणालात?"

तिने शहराचं नाव सांगितलं.

"अहो, मग माझी काच कुठून येते? तिथूनच. उद्या गाडी रिकामी होईल. परत जाताना आत नुसता पेंढा असतो. डिझेलला थोडा हातभार लावा, बाकी मी बोलतो ड्रायव्हरशी."

दुसऱ्या दिवशी चौघांनी खुर्ची ट्रकमध्ये चढवली. ड्रायव्हरने आधी पंपातलं तेल काढून घ्यायला लावलं. आडवी झाली तर गळेल, म्हणाला. मग पाया, बैठक, हत्ते, सगळ्याभोवती पेंढा ठासून भरला.

"वडिलांची का?"

"हो."

"कधी गेले?"

"उन्हाळ्यात."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग नजर वळवली.

"फार त्रास झाला का त्यांना?"

"त्यांना नाही," ती म्हणाली. "आम्हालाच झाला."

ड्रायव्हरने मान हलवली. आणखी एक कवळा पेंढा हत्त्याखाली सरकवला. "काळजी करू नका. काचेसारखी नेतो."

खुर्ची तिच्या घरी पोचली. नवऱ्याने बोल्ट आवळले, पंपात तेल घातलं, समोरच्या भिंतीवर आरसा लावला. तिने हत्त्यावर पांढरा टॉवेल ठेवला. खिडकीच्या कट्ट्यावर कोमट पाणी, ब्रश आणि फेसलेला साबण मांडला. एकदा मागे सरून सगळं नीट पाहिलं. मग आतल्या खोलीचं दार उघडलं.

"बाबा, उठा. दाढी करायची ना? बघा काय आणलंय."

उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आल्यापासून कुणालाही गालाला हात लावू न देणारे बाबा भिंत धरत बाहेर आले. खुर्ची दिसताच थबकले. हत्त्यावरून त्यांनी हळूच हात फिरवला. तिने बैठक त्यांच्याकडे वळवली, पण ते वळसा घालून खुर्चीच्या मागे गेले आणि ताठ उभे राहिले. टॉवेल उचलून दोनदा झटकला. आरशातून तिच्याकडे पाहत अदबीने हसले. "या, बसा." आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खुर्चीत बसली. बाबांनी टॉवेल तिच्या गळ्याभोवती नीट खोचला आणि आतल्या दाराकडे तोंड करून खणखणीत हाक मारली, "चिमे, बाईंना पाणी आण गं."