दोरी काढल्यावर

"ताई, परवा ड्रेसाजची स्पर्धा. आज दोरी काढतो," सर म्हणाले. ड्रेसाज म्हणजे घोड्याला ठरलेल्या रेषांवर डौलात चालवून दाखवणं, आणि मी अजून दोरीवरच होते. घोडेस्वारीच्या शिबिरात सर मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि त्यांच्या हातातल्या लांब दोरीला बांधलेली घोडी मला पाठीवर घेऊन त्यांच्याभोवती गोल फिरायची. घाण्याचा बैलही कंटाळला असता, पण मला त्यात सुरक्षित वाटायचं. सरांनी दोरी सोडवली. "आता सरळ कुंपणापर्यंत न्या." मी लगाम ताणला, टाचा दाबल्या, विनवण्या केल्या, घोडी गोलच फिरत राहिली. "ही ऐकतच नाही हो!" मी रडकुंडीला आले. "ऐकतेय की. तुम्ही बघाल तिकडे ती वळते. तुम्ही सारखं माझ्याकडेच बघताय." दोरी गुंडाळून खांद्यावर टाकत सर फाटकाबाहेर गेले. मधोमध वाळूत त्यांच्या बुटांचे ठसे उरले. मी ठशांकडे बघत होते. घोडी त्यांच्याभोवती इमानाने फिरत होती.