कुरणातली वाट

बहात्तरच्या दुष्काळात बोडकं झालेलं मोहोळजवळचं कुरण हिंदुरावांनी तीन वर्षं बंद ठेवलं, तेव्हा कुठं गवत धरलं. बी झडेपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा दंडक. आणि आज बघतात तर गवतात वाट मळलेली.

“रामहरी, तुला राखणीला ठेवलाय की झोपायला?”

“मालक, कुंपण बघा की. एक काटा हललेला न्हाय.”

हिंदुराव वैतागून कुंपणाभोवती फिरले. वाट बाहेरून आत गेलीच नव्हती. कुरणाच्या मधोमध सुरू होऊन ती कुंपणाशी येऊन थांबली होती.

“काल हितवर न्हवती,” रामहरी म्हणाला.

“मग आज मुद्दाम मला भेटायला आली काय?” म्हणत हिंदुरावांनी काटेरी फांदी ओढून बाजूला केली.

वारा पडलेला होता. दोघांच्या मागं, कुंपणाबाहेरचं गवत पाऊलभर दबलं. मग त्याच्या पुढचं.