पाण्याची घंटा

“ही घंटा पाण्याने वाजूच शकत नाही,” मोबाईलवर चॅटबॉटचं उत्तर आलं.

महिपतने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. घंटा तर महिनाभर रोज पहाटे वाजत होती.

कोपरीच्या त्यांच्या चाळीत पाणी कधी साडेचारला येई, कधी साडेपाचला. चाळीस वर्षं त्याची बायको मंजुळा नळाच्या फुसफुसण्याने उठत आली होती. आता तिला झोपू द्यायचं, पाणी आपण भरायचं, असं महिपतने ठरवलं. नळाखालच्या बादलीत त्याने दोन तारा सोडल्या आणि त्या घंटेच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला जोडल्या. पाणी तारांना लागलं की घंटा वाजणार. प्रोग्रॅम त्याने चॅटबॉटला विचारत, एकेक ओळ समजून घेत लिहिला. घंटा तपासायला मोरीच्या भिंतीवर एक बटणही बसवलं.

पहिले दोन दिवस ती वाजली नाही. महिपत धड जेवला नाही. तिसऱ्या पहाटे खणखणीत वाजली. तो उठून पाहतो तर मंजुळा चहा ठेवत होती. “तुमच्या घंटेनेच जाग आली,” ती म्हणाली.

आता खालच्या पंढरीसकट चार घरांना तशीच घंटा हवी होती. पण महिपतने वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथ चालवलेलं. पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय दुसरा मशीनला लावायचा नाही, ही सवय. म्हणून त्याने प्रोग्रॅम तपासायला दिला होता.

“तारा बोर्डाच्या चार नंबरच्या पिनला जोडल्यात असं तुम्ही लिहिलंय,” चॅटबॉट सांगत होता. “प्रोग्रॅम पाच नंबरकडे बघतोय.”

महिपतने जोडणी पाहिली. चार. प्रोग्रॅम पाहिला. पाच. ‘मग महिनाभर वाजली कशी?’ त्याने लिहून विचारलं. ‘ते मला इथून सांगता येणार नाही,’ उत्तर आलं.

“अगं, हा म्हणतो आपली घंटा वाजत नाही.”

मंजुळा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. “तो काय पहाटे आपल्या मोरीत असतो?”

“पण त्याचं बरोबर आहे. आणि घंटाही वाजते. माझं डोकंच चालेना.”

“वाजते ना? मग कशाला हात लावताय? आणि लोकांकडे नका बसवू. आपल्यापुरती राहू द्या.”

“पंढरीला शब्द दिलाय, उद्याचा.”

“आणि त्यांच्याकडे नाही वाजली तर? चाळीत तोंड कुठे लपवाल?”

महिपतने प्रोग्रॅममध्ये पाचाचे चार केले. केले खरे, पण आता चालती घंटा आपल्याच हाताने बंद पाडली की काय, हे त्याला कळेना.

पहाटे घंटा वाजली. महिपत अंथरुणात उठून बसला. हायसं वाटलं. तेवढ्यात ती पुन्हा वाजली.

तो मोरीशी गेला. नळाची धार बादलीत पडत होती. पाणी नुकतंच तारांना लागलं होतं. मंजुळा भिंतीवरच्या बटणाशी उभी होती, घंटेकडे टक लावून.

“अहो, बिघडली वाटतं,” ती पुटपुटली. “मी तर एकदाच दाबलं.”