काचेच्या कपाटातली पुस्तकं

तपासणीला आलेल्या साहेबांचं बोट वाचनाच्या रजिस्टरवर एका नावापाशी थांबलं.

"शिवांजली कोण? दोन महिन्यांत अकरा पुस्तकं!"

ते सगळं रजिस्टर लीलाबाईंनी काल दुपारी एका बैठकीत भरलं होतं. 'दहा ते बारा वर्षांच्या मुलांनी वाचावीत अशी साहसाची आणि अद्भुताची पुस्तकं' हा भिंतीवरचा तक्ताही त्यांच्याच सुरेख अक्षरातला. पुस्तकं आली होती, खोटं नव्हे. पण पोरं पानं दुमडतात, तेलकट हात लावतात, आणि तपासणीला तर ती नवी दिसायला हवीत. म्हणून दिवाळीपासून ती काचेच्या कपाटात कुलूपबंद होती. प्लॅस्टिकची वेष्टनं आज सकाळी निघाली. सहावीतली ही पोरगी रोज मधल्या सुट्टीत त्या काचेला नाक लावून उभी असायची, म्हणून नावं भरताना तिचंच नाव सारखं हाताखाली आलं.

शिवांजली उभी राहिली. टेबलावर लाकडी पट्टी होती. खोटं बोलणाऱ्याच्या तळहातावर एक, हा लीलाबाईंच्या वर्गाचा पहिला नियम.

साहेबांनी तक्त्यावरचं एक नाव वाचलं. "'सात भुयारांचा पहारेकरी'. सांग बरं, काय आहे यात?"

पोरीनं रजिस्टरकडं पाहिलं, मग मॅडमकडं. लीलाबाईंनी मान खाली घातली. आता अब्रू जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं.

"एक पहारेकरी असतो, सर. लई म्हातारा," शिवांजली म्हणाली. "आपल्या तेरणेसारखी नदी असती. तिच्या खाली सात भुयारं, आन् सातव्यात एक दिवा. तो बघितला की अंधाराची भीती जाती. पोरं रोज दारापातूर येत्यात, पण तो कुणालाच आत सोडत न्हाय. म्हणतो, तुमच्या हातानं दिवा मळंल."

"मग?"

"मग पोरं बाहेरूनच माघारी जात्यात. आन् दिवा कसा असंल, ते एकमेकांला सांगत बसत्यात."

साहेब खूश झाले. "मॅडम, वाचन रुजवावं तर असं," म्हणत त्यांनी झकास शेरा लिहिला, चहा घेतला आणि ते गेले. लीलाबाईंचा चहा मात्र कपातच निवला. एवढ्याशा पोरीनं आपलं पाप अंगावर घेतलं, आणि आपण शाबासकी खाल्ली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

शाळा सुटल्यावर त्यांनी शिवांजलीला थांबवून घेतलं. कपाट उघडून तेच पुस्तक काढलं, चाळलं. भुयारं डोंगरात होती. नदी कुठंच नव्हती, दिवाही नव्हता. पोरीची गोष्ट यापेक्षा चांगली होती.

"इकडं ये, बाळ," त्या कशाबशा म्हणाल्या.

शिवांजली टेबलापाशी आली. तिनं हात पुढं केला. लीलाबाईंनी त्यावर ठेवायला पुस्तक उचललं, तर पोरीनं डोळे गच्च मिटून घेतलेले.

"हळू मारा, मॅडम," ती म्हणाली. "म्या त्यातलं एक बी वाचलं न्हाय."