गोठ्यातले पाहुणे

“त्या बैलाचा पिच्छा सोड आता,” हर्षा वैतागून म्हणाली. “शिवम, चित्रात माणसं आहेत. माणसं बघ.”

शिवमने माणसं बघितली आणि पुन्हा बैलावर बोट ठेवलं. सहा वर्षांचा पोरगा, पण हट्टाला पुरा खानदानी. भिंतीवर पाच चित्रं लावली होती. युरोपातल्या जुन्या चित्रकारांची, राजकमल चौकातल्या दुकानातून चांगल्या कागदावर छापून आणलेली. शाळेत जायची तेव्हा दर डिसेंबरला पोरं लाल टोप्या घालून चॉकलेट खाऊन यायची, आणि ख्रिसमस म्हणजे काय विचारलं तर ‘सुट्टी’ म्हणायची. आता घरीच शिकवायचं तर येशूच्या जन्माची गोष्ट नीट चित्रांतून सांगायची, असं हर्षाने ठरवलं होतं. उजेड कुठून येतो, निळा रंग कोणाच्या अंगावर, राजे गुडघे टेकून का बसलेत. आठवडाभर तिने जीव तोडून तयारी केली. आणि पोरांना पाचही चित्रांत दिसत होता तो बैल.

“याले दावं नाही बांधलं,” दारातून आवाज आला.

हर्षाने डोळे मिटले. आबा. तिचे सासरे खुशालराव, सकाळपासून पुन्हा पुन्हा.

“मामाजी, तास चालू आहे.”

“चालू द्या. माहा चष्मा राह्यला.”

कधी चष्मा, कधी गोळ्या, कधी टॉवेल. त्यांचं कपाट याच खोलीत होतं, कारण खोली मुळात त्यांचीच. जूनमध्ये पोरांना शाळेतून काढलं तेव्हा फळा लावता येईल अशी ही एकच खोली निघाली. आबांना कोणी विचारलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत. आपली खाट त्यांनी गॅलरीत लावून घेतली. तेव्हापासून ते तिथेच झोपत, तिथेच स्टुलावर ताट ठेवून जेवत, आणि उरलेला वेळ या दारात उभे राहत. ते आले की पोरांचं लक्ष उडालंच. इकडे सगळं गणगोत टपून बसलेलं, हिने चांगली शाळा सोडवून पोरांचं वाटोळं केलं म्हणायला. हर्षाने नवऱ्यामागे टुमणं लावलं. शेवटी शेखरने ठरवलं, आबांनी थोडे महिने अकोल्याला धाकट्या अमोलकडे राहावं. आबा ‘बरं’ म्हणाले. आज आबांचं जेवण झालं की शेखर गाडी घेऊन येणार होता. थोड्या महिन्यांसाठी गेलेलं म्हातारं माणूस परत येत नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आबा चष्मा घेऊन गेले. हर्षाने पट्टी टेबलावर आपटली.

“मम्मी, बाळ कशात ठेवलं?” शिवमने विचारलं.

“गव्हाणीत. जनावरांना चारा टाकतात ती. धर्मशाळेत जागा मिळाली नाही म्हणून गोठ्यात आले ना ते.”

“म्हंजे बैलाच्या ताटात?”

“हो.”

“मंग बैल जेवते कुठं?”

हर्षाचा तोल सुटला. चिडली की तिची शाळेतली भाषा आधी पळून जाई. “जेवत असन कुठंतरी बाहीर. तुले काय करा लागते त्याचं?”

गॅलरीत स्टुलावर ताट ठेवल्याचा आवाज आला. प्रवासाला निघायचं म्हणून आबा लवकर जेवायला बसले होते. हर्षाने फळ्याकडे तोंड फिरवलं.

फळ्यावर तिने उंट काढून ठेवला होता. पुढचा धडा उंटांवरून बाळाला भेटायला आलेल्या राजांचा होता, आणि तिथवर पोहोचायला तिला थोरलीच्या तोंडून एक सोपं उत्तर हवं होतं. “खुशी, तू सांग बरं. या चित्रात पाहुणे कोण कोण आहेत?”

नऊ वर्षांची खुशी उठून चित्राजवळ गेली. “हे राजे.”

“शाबास.”

“मेंढपाळ. अन् वरचे देवदूत.”

“छान. बस आता.”

“हे आईबाबा,” खुशीचं बोट पुढे सरकलं. “अन् बाळबी.”

“अगं, त्याचाच तर जन्म झालाय. तो कसा पाहुणा?”

“बैल सोडून सगळेच पाहुणे हायेत, मम्मी. गोठा तं त्याचाच हाय न. त्यानं जागा देल्ली म्हणून हे सारे आत हायेत.”

शिवमला ते लगेच पटलं. “म्हणूनच तो मागून डोकावून राहिला,” तो म्हणाला. “आपलं घर पाहून राहिला.”

हर्षाने भिंतीकडे पाहिलं. खरंच होतं. पाचही चित्रांत तो होता, लोकांच्या मागे, कोपऱ्यात, मान लांब करून. कोणी त्याला हाकललं नव्हतं, पण कोणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. आठवडाभर तिनेही बघितलं नव्हतं. मघापासून पोरांवर आलेला राग आता कुठे न्यावा, तिला कळेना.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

आबा दारात आले. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

“काठी राह्यली कपाटामागं,” ते म्हणाले. “तेवढी दे बाई. मंग नाही येत मंधात मंधात.”

हर्षा कपाटापाशी गेली, पण काठी तिने काढली नाही. हॉर्न पुन्हा वाजला. शरमेने तिचा चेहरा तापला होता. ती दाराशी आली, आबांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि त्यांच्या कपाटात ठेवली. मग जूनमध्ये विचारायचं राहून गेलेलं तिने आज विचारलं.

“मामाजी, तुमच्या खोलीत आमी शाळा भरवली तं चालन काय?”