लिटरला तेवढंच

केरूच्या जुन्या लुनाला डबलसीट चढ ओढवत नसे. म्हणून सकाळी तो धाटावला कारखान्यात शिफ्टला निघताना, रोह्याच्या बाजारात वालाच्या शेंगा विकायला त्याच्या मागं बसलेली बायको, हौसा, चढाच्या पायथ्याशी उतरायची आणि डोक्यावर पाटी घेऊन चालत वर यायची. केरू इंजिनाला पेडलची जोड देत पुढं जायचा आणि माथ्यावर तिची वाट बघत थांबायचा. इंजिन चालूच ठेवायचा; एकदा बंद पडलं की लवकर लागायचं नाही.

शिमग्याच्या आधी हौसा तापानं गेली. तेरावं झालं, केरू शिफ्टला लागला.

दोन महिन्यांनी नितेश मेकॅनिकनं त्याच्यापुढं हात टेकले. "केरूदादा, प्लग नवा घातला, कार्बोरेटर दोनदा खोलला. आता तू एकटाच बसतोस, तरी ही लिटरला तेवढीच कशी जातेय?"

"काय ठाव नाय," केरू म्हणाला. "जातेय ना, मग बास."



दुसऱ्या दिवशी चढ संपला तसा केरू माथ्यावर थांबला. इंजिन चालू ठेवून, एक बाई पाटी घेऊन चालत वर येईल तेवढा वेळ.